सिरा मोकळी आहे

थार्गेलिऑन महिना, चतुर्थी

प्राक्सिआस गुरुजींनी आज आम्हा सगळ्यांना सांगितलं, की रोज संध्याकाळी बसून दिवसभरात मन कशाकशाने हललं ते लिहून काढा. म्हणून ही पपायरसची कोरी गुंडाळी विकत आणली. निकिप्पेने विचारलं, "काय लिहायला घेतलंत?"

"मन," म्हटलं.

"मग लवकर आटपेल," म्हणाली आणि पुन्हा मसूर निवडायला लागली. बायकोला तत्त्वज्ञानाची गोडी नाही. असो.

द्राक्षमळा मुलाच्या हवाली करून मी अथेन्स शहरातल्या घरी आलो तो एवढ्यासाठीच, की उरलेलं आयुष्य तरी नीट जगावं. गुरुजी व्यायामशाळेच्या मागे, चिनारांखाली फेऱ्या मारत बोलतात आणि आम्ही त्यांच्या मागे चालतो. त्यांचं म्हणणं, माणूस जे काही करतो ते शेवटी सुखासाठी, आणि सुख ही कुठे ठेवलेली, हाती लागणारी वस्तू नाही. सद्गुणाने वागत राहणं हेच सुख. ऐकताना पटतं. घराची पायरी चढेपर्यंत निसटलेलं असतं.

माझ्या शेजारून अँटिडोरोस चालतो. आम्ही एकाच गल्लीत वाढलो, एकाच तुकडीत लढलो. सुखाला मित्र लागतात असं गुरुजी आज म्हणाले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस, लाजतो मी."

आज मन हललं ते परत येताना. त्याच्या काकांचे, स्ट्रॅटिओसचे, मरणानंतरचे विधी परवा आटपले. मूलबाळ नव्हतं, सगळं अँटिडोरोसलाच आलं. तो सहज बोलून गेला, "आता सिराला आईपाशी आणतो."

"सिरा तर..." म्हणून मी थांबलो. तोही थांबला. मग आम्ही दोघांनी अंजिरांच्या भावाबद्दल बोलायला सुरुवात केली.

थार्गेलिऑन, षष्ठी

लिहूनच टाकतो. हिवाळ्यात स्ट्रॅटिओसकडे जेवण होतं. आम्ही तिघे पाहुणे: अँटिडोरोस, मी आणि जाडा स्मिक्रोस. म्हाताऱ्याचं दुखणं काढून काढून त्याची दासी सिरा वाळून गेली होती. ती वाइन घेऊन आली तशी त्याने तिला थांबवलं, प्याल्यातली थोडी जमिनीवर ओतली आणि म्हणाला, "देवांसमोर आणि या तिघांसमोर सांगतो, आजपासून सिरा मोकळी. माझं, माझ्या घराचं तिच्यावर काही बंधन नाही." ती तिथेच भिंतीला टेकून रडली. नंतरही म्हातारा जाईपर्यंत त्याचं सगळं तिनेच केलं, पण आपखुशीने. आता बाजारात हार विकते.

मी स्वतः ऐकलं. अँटिडोरोसनेही ऐकलं. स्मिक्रोस म्हणतो, तो झोपला होता.

थार्गेलिऑन, अष्टमी

अँटिडोरोस घरी आला. अंगणातल्या बाकावर बसला, ऑलिव्ह खाल्ले, बिया ओळीने मांडत राहिला.

"काका प्यालेले होते," म्हणाला.

"पण म्हणाले."

"अरे, प्यालेला माणूस म्हणतो तो कायदा झाला, तर अर्धं अथेन्स मला बक्षीस मिळालेलं आहे."

मी हसलो. तो हसला नाही. त्याची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळली आहे. दासी जवळ आल्या की चालत्या हाताने ताटल्या फेकते. पूर्वी काका सिराला तिच्याकडे पाठवायचे, तेव्हा सिराच्या हातून म्हातारी निमूट जेवायची.

"आई दिवसेंदिवस काडी होत चालली आहे, फिलाग्रोस. ती रांड हार विकत बसली आहे आणि माझी आई उपाशी मरते आहे. मी तिला मारणार आहे का? घरात ठेवणार आहे. दोन वेळा जेवेल."

"मग मजुरीवर बोलाव की."

"बोलावली. नाही म्हणाली." त्याने आणखी एक बी ओळीत ठेवली. "तू खोटं बोल असं मी म्हणतच नाही. फक्त गप्प राहा. एवढं नाही जमणार?"

तो गेल्यावर मी बिया गोळा केल्या. माझा मित्र दुष्ट नाही. तो दुष्ट असता तर सोपं होतं.

थार्गेलिऑन, दशमी

आज नाव न घेता गुरुजींना विचारलं, "एका बाजूला मित्र आणि दुसऱ्या बाजूला खरं, असा पेच पडला तर माणसाने काय करावं?"

गुरुजींना प्रश्न आवडला. म्हणाले, "अती बोलणं हा एक दोष, अगदीच न बोलणं हा दुसरा. सद्गुण मध्ये असतो. योग्य वेळी, योग्य माणसापाशी, योग्य तेवढं बोलावं."

"योग्य तेवढं म्हणजे किती?"

"विवेकी माणूस ठरवील तितकं."

"आणि विवेकी माणूस ओळखावा कसा?"

"जो योग्य ते ठरवतो तो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. अँटिडोरोस मात्र शेजारून निघून पुढच्या रांगेत गेला. घरी येईपर्यंत मी त्या उत्तराच्या भोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत होतो.

थार्गेलिऑन, पौर्णिमा

सिरा आली होती. मागच्या दाराने, आमच्या दासीने, थ्राटाने आत घेतलं. निकिप्पे तिच्यापाशी बसली होती. मी गेलो तशा तिघी गप्प झाल्या.

सिरा उभी राहिली. "मालक, अँटिडोरोस मला धरून नेणार आहेत. भर बाजारात धरलं आणि कोणी नागरिकाने माझा हात धरून 'ही मोकळी आहे' म्हटलं नाही, तर मी संपले. तुम्ही त्या दिवशी होतात. तुमच्या प्याल्यात मीच ओतत होते."

मी म्हटलं, मी विचार करतो.

"करा. तुमचा विचार होईपर्यंत मी गल्लीच्या कोपऱ्यावर बसते. तिथून दोन्ही बाजूंना पळता येतं."

बोलण्याची ही पद्धत मला रुचली नाही. ती गेल्यावर निकिप्पेला म्हणालो, "मदत मागायला आली आणि टोमणे मारून गेली." निकिप्पेने थ्राटाला हाक मारून चुलीवरचं उतरवायला सांगितलं.

स्किरोफोरिऑन, द्वितीया

निर्णय झाला. सगळ्या बाजू मांडून पाहिल्या. स्ट्रॅटिओस प्यालेला होता, हे खरं. त्याच्या बोलण्याला कायद्याने किती किंमत आहे, हे मला ठाऊक नाही. अँटिडोरोसची अडचण खरी आहे. चाळीस वर्षांची मैत्री उधळून लावणं हा अतिरेक, आणि अतिरेक म्हणजे दोष. शिवाय मला कोणी अजून साक्षीला बोलावलेलं नाही. तेव्हा मी यात पडणार नाही.

मन शांत आहे. गुरुजी ज्या समतोलाबद्दल बोलतात तो हाच असावा. आंघोळ केली, तेल लावलं. जेवण मात्र गेलं नाही. उकाडा फार आहे.

स्किरोफोरिऑन, तृतीया

शांतच आहे. दोनदा उठून दाराची कडी पाहिली.

स्किरोफोरिऑन, पंचमी

आज अक्षर कसं येईल ते येवो.

सकाळी थ्राटा झऱ्यावरून धावत आली. घागर अर्धीच भरलेली. तिने निकिप्पेच्या कानात काहीतरी सांगितलं. बायकांच्या काय एकेक गोष्टी असतात. निकिप्पे लगेच माझ्यापाशी आली. "अहो, बाजारात जाऊन मासे आणा."

"आत्ता? गुरुजींचं..."

"आत्ताच. वाम मासे आणा. आणि येताना हारांच्या गल्लीने या, देव्हाऱ्याला हार नाही."

देव्हाऱ्यावर कालचा हार चांगला होता. पण तिचा आवाज असा होता की मी निघालोच. वाम घेतले, दोरीला अडकवले आणि हारांच्या गल्लीत वळलो. समोर अँटिडोरोस. त्याच्याबरोबर दोन गडी. सिराच्या टोपल्या उपड्या, सगळीकडे गुलाब, आणि त्याने तिचा दंड धरलेला. योगायोग म्हणजे किती! मी जरा इकडेतिकडे झालो असतो तर हे दिसलंही नसतं.

मी परत फिरणार होतो. इथे कोण वाचतं आहे, खरं लिहायला हरकत नाही. एक पाय मागे घेतलाही. मग काय झालं ते मला सांगता येत नाही. मासे कुठे पडले ते कळलं नाही. मी तिचा दुसरा हात धरला होता आणि ओरडत होतो, "ही मोकळी आहे! मी सांगतो, ही मोकळी आहे!" आवाज कोंबड्यासारखा चिरका निघाला. कोणीतरी हसलंही.

"फिलाग्रोस, सोड," अँटिडोरोस म्हणाला.

"तू सोड."

त्याने ओढलं. मी ओढलं.

"अहो, दोघेही सोडा! हात निखळेल माझा!" सिरा किंचाळली.

त्याने सोडला. माणसं जमली होती, आता जबरदस्ती करणं त्याला शक्य नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. "तू?" एवढंच म्हणाला.

तिला घेऊन अधिकाऱ्याकडे गेलो, तिच्यासाठी जामीन राहिलो. आता खटला. आणि खटल्यात बोलायचं मला.

घरी आल्यावर निकिप्पेला म्हटलं, मासे पडले. ती म्हणाली, "पडू देत." थ्राटाने पाय धुवायला गरम पाणी आणून ठेवलं होतं, मागायच्या आधीच.

स्किरोफोरिऑन, सप्तमी

वाट बघतो आहे. गुरुजी म्हणतात, सद्गुणी माणसाला सद्गुणी कृती करताना आनंद होतो, आणि तो होत नसेल तर माणूस अजून सद्गुणी झालेला नाही. मी त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी भिंत धरून ओकलो. म्हणजे योग्य ते केलं, पण सद्गुणाने केलं नाही? मग कशाने केलं?

रात्रंदिवस तेच. बसवत नाही. अंगणात इतक्या फेऱ्या मारल्या, की निकिप्पे म्हणाली, "आता त्या पायांनी कणीक तरी तिंबून घ्या."

स्किरोफोरिऑन, एकादशी

आज चिनारांखाली गेलो. अँटिडोरोस आला नव्हता. गुरुजींना सगळं कळलेलं होतं. त्यांनी माझाच दाखला घेतला. "पाहा, याने आधी दोन्ही बाजू तोलल्या, मैत्रीचं वजन केलं, सत्याचं केलं, आणि मग शांत चित्ताने पाऊल पुढे टाकलं."

सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. मी सांगणार होतो, की तोलून मी ठरवलं होतं नेमकं उलट. पण इतकं नीटनेटकं प्रवचन मोडवेना. व्याख्यान संपल्यावर एक तरुण शिष्य जवळ आला. "त्या क्षणी आपल्या मनात काय होतं?"

"मासे," म्हणालो. त्याला वाटलं मी विनोद केला.

हेकाटोंबाइऑन, नवमी

खटला पुढच्या महिन्यात. रोज भाषणाची तयारी करतो. आज थ्राटा दिवा घासत होती, ती मध्येच म्हणाली, "मालक, स्ट्रॅटिओस नेमके काय शब्द बोलले होते?"

मी सांगितलं: देवांसमोर, साक्षीदारांसमोर, आजपासून मोकळी, काही बंधन नाही. तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. ओठ हलत होते तिचे. आमच्या घरातल्या दासीलासुद्धा कायद्याची जिज्ञासा लागली, याचा मला मनापासून आनंद वाटला. घरातल्या वातावरणाचाच परिणाम.

मेटागाइट्निऑन, अष्टमी

जिंकलो. लिहितानाही खरं वाटत नाही.

माझं भाषण वाईट झालं. दुसऱ्याच वाक्याला विसरलो. अँटिडोरोस चांगला बोलला. आईबद्दल बोलताना त्याचा आवाज फुटला, आणि पंचांमधली म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. त्या वेळी मला वाटलं, आपणही त्याच्याच बाजूने मत टाकू.

मग स्मिक्रोसला पुढे आणलं. साक्ष दे, नाहीतर शपथेच्या दगडावर उभा राहून सांग की मला काही माहीत नाही. तो दगडावर चढला, घाम पुसला, हात वर केला. "मी झोपलो होतो," म्हणाला. "देवाशपथ, मी झोपलो होतो." आणि हात काही खाली घेईना. "झोपलोच होतो. पण ती रडायला लागली तेव्हा जागा झालो. विचारलं, कोण मेलं? तर स्ट्रॅटिओस म्हणाला, कोणी मेलं नाही रे, सिरा मोकळी झाली."

सगळं न्यायालय हसलं. अँटिडोरोसने डोळे मिटून घेतले. मग पंच एकेक करून मतांच्या चकत्या टाकायला गेले. थोडक्या मतांनी, पण आमची बाजू लागली.

बाहेर सिराने बाही वर करून दंड दाखवला. "तुमच्या बोटांचे वळ कितीतरी दिवस होते, फिलाग्रोस. त्यांचे लवकर गेले, तुमचेच राहिले." पूर्वी मालक म्हणायची. आता नुसतं नाव. वावगं काही नाही, पण जाणवलं.

घरी येऊन निकाल सांगितला. थ्राटा दारातच उभी होती. तिच्या हातातून तेलाचं भांडं पडून फुटलं. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून ओरडलो. ती खाली बसून खापऱ्या गोळा करत होती आणि खांदे हलत होते. एका भांड्यासाठी इतकं कशाला रडायचं? निकिप्पेने मला आत बोलावलं आणि म्हणाली, "आज तरी गप्प बसा."

मेटागाइट्निऑन, पौर्णिमा

अँटिडोरोस चिनारांखाली येत नाही. व्यायामशाळेत समोरून आला आणि मी म्हणजे खांब असल्यासारखा बाजूने गेला. स्मिक्रोस सांगत होता, अँटिडोरोसच्या म्हाताऱ्या आईने आता पाणीही नाकारलं आहे.

सुखाला मित्र लागतात. बरं.

मेटागाइट्निऑन, कृष्ण चतुर्थी

एक युक्ती सुचली होती. सिरा मोकळी झालीच आहे. आता ती मोकळेपणाने जाऊन म्हातारीला भरवेल, तर सगळंच जुळेल. तिची उदारता दिसेल, म्हातारी जगेल, अँटिडोरोसचा राग जाईल. हारांच्या गल्लीत जाऊन तिला सांगितलं.

ती गुलाब ओवत राहिली. "तुम्ही मला सोडवलंत ते तिकडे पाठवायला?"

"पाठवत नाही. आता तू आपल्या मर्जीने जाशील. त्यातच तर फरक आहे."

"माझी मर्जी नाही."

"म्हातारी मरेल, सिरा."

तिची सुई थांबली. "त्या बाईने एकदा माझ्या तोंडावर गरम पेज फेकली होती. तेव्हा तिचे दोन्ही हात चालत होते. मला तिचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण मी नाही म्हणू शकते की नाही, हे मला बघायचं होतं. म्हणू शकते." मग तिने एक हार माझ्या हातात दिला. "हा घ्या. पैसे द्या हं."

मी अपमानित होऊन परतलो. इतकं करून माणसात कृतज्ञता नसावी! निकिप्पेला सगळं सांगितलं, तिला राग यावा म्हणून. ती हसत सुटली. पदराने डोळे पुसून म्हणाली, "तिलाच का पाठवायचं? आणखी कोणाला हात नाहीत?"

बोएड्रोमिऑन, तृतीया

निकिप्पे रोज अँटिडोरोसच्या घरी जाते आहे. मला सांगून गेली नाही, मीच थ्राटाला विचारलं. संध्याकाळी निकिप्पेच्या वस्त्रावर पेजेचे डाग.

"म्हातारी फेकते?"

"फेकते. शिव्याही देते, तुमच्या नावाने तर खास. पण चार घास फेकले की पाचवा गिळते."

"तू का जातेस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाऊस का पडतो असं विचारलं. तिने याचा फारसा विचार केला नसावा. विचार न करता केलेली कृती सद्गुणात मोडते का, हे गुरुजींना विचारायला हवं.

बोएड्रोमिऑन, सप्तमी

आज व्याख्यानाला निघालो होतो, तर निकिप्पे म्हणाली, "जाता जाता हे भांडं पोचवा माझ्याबरोबर. जड आहे." थ्राटा कुठे, विचारलं. "तिला मी कामाला पाठवलंय," म्हणाली.

मी दाराशी भांडं ठेवून पळणार होतो. आतून म्हातारीच्या कण्हण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ निकिप्पेचा, "अहो, आत या! ही अंथरुणातून घसरलीय!"

आत गेलो. अँटिडोरोस आईला काखेत धरून उचलायचा प्रयत्न करत होता, आणि ती त्याच्या हातातून निसटत होती. त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं.

"बघत काय उभे राहिलात?" निकिप्पे म्हणाली. "तुम्ही खांदे धरा, अँटिडोरोस पाय धरतील. आणि दोघांनी एकदम, नाहीतर तिची कंबर जाईल."

एकदम म्हणजे कधी ते ठरवायला कोणीतरी बोलायला हवं होतं. मग अँटिडोरोस खाली बघून म्हणाला, "आता." आम्ही उचललं. हाडांचा पिंजरा, पण मेल्यासारखी जड. अर्ध्यात माझा पाय तिवईला अडखळला, तर तो म्हणाला, "हळू, डावीकडे पायरी आहे," जणू मी या घरात लहानपणापासून धडपडत नव्हतो. निकिप्पेने खालचं अंथरूण बदललं, तिला पुसलं, कूस बदलून पाठीला तेल लावलं. आम्ही धरून होतो. म्हातारी अर्ध्या तोंडाने मला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तू जाड झालास," अँटिडोरोस म्हणाला.

एवढंच आमचं बोलणं झालं. बाहेर पडताना त्याने निरोप दिला नाही. पण निकिप्पेला म्हणाला, की उद्या चादरीही बदलायच्या आहेत, एकट्याने जमणार नाही.

या गडबडीत दुपार झाली आणि व्याख्यान बुडालं. आज गुरुजी सुखाच्या व्याख्येचा शेवटचा भाग सांगणार होते. कोणाला तरी विचारून घ्यायला हवं. उद्या नाही जमणार, उद्या चादरी आहेत.